टेकडीमागची चराई

४ जानेवारी
टेकडीमागच्या जमिनीवर गोदामं येणार! दूधवाली सकाळी किटली घेऊन आली ती उंबऱ्यातच बसली. तिच्या बावीस शेळ्या तिथेच चरतात. तिच्या सासूच्याही तिथेच चरायच्या.
“बाई, जमीन पडीक आहे म्हणतात. मग माझ्या शेळ्या इतकी वर्षं काय वारा खात होत्या?”
तुम्ही त्या कचेरीत होतात, जरा बघा ना, म्हणाली. बघते म्हटलं. कुणाची तरी चूक असणार.

५ जानेवारी
सार्वजनिक जमिनीचे प्रकार अजून तोंडपाठ आहेत – वन, चराई, पाणवठा, रस्ता, पडीक. चराईची जमीन वापरणाऱ्यांना विचारल्याशिवाय कुणाला देता येत नाही. पडीक असेल तर साहेबांची एक सही पुरते. ‘हे’ म्हणायचे, पडीक म्हणजे साहेबांनी कधी न पाहिलेली जमीन!
हे गेले आणि त्यांच्या जागी मला घेतलं. खुर्चीही त्यांचीच मिळाली. तिचा एक पाय आखूड होता, त्याखाली त्यांनी कागदाची घडी सारलेली. मी ती शेवटपर्यंत काढली नाही.

९ जानेवारी
कचेरीत गेले. नोंदवही समोर आली. अक्षर माझं! सरळ, टपोरं, कॉन्व्हेंटचं. जुन्या वहीला वाळवी लागली होती, म्हणून नोकरीच्या पहिल्याच महिन्यात मी सगळं नव्या वहीत उतरवलं होतं.
खडकाळ उतार – पडीक. त्याच्या खाली टेकडीमागची जमीन, आणि प्रकाराच्या रकान्यात दोन छोट्या रेघा. म्हणजे वरीलप्रमाणे. त्याखाली पुन्हा रेघा. पानभर रेघाच!
शाळेत सिस्टर म्हणायच्या, या रेघा म्हणजे आळशी मुलीची सही. मी आळशी नव्हते. त्या महिन्यात डोळ्यांना नीट दिसतच नव्हतं.
“काय सुंदर अक्षर आहे हो मॅडम,” कारकून म्हणाला.

१० जानेवारी
दूध घेतलं. तिच्याकडे पाहिलं नाही.

१३ जानेवारी
मुलाचा फोन. “आई, सुखासुखी निवृत्त झालीस ना? आता कशाला नसती भानगड ओढवून घेतेस?” बापासारखाच आवाज, पण बोलणं नाही.

१४ जानेवारी
तिला सांगून टाकलं. रेघा माझ्या, म्हटलं. ती किटलीच्या झाकणाशी खेळत राहिली. मग म्हणाली, “माझ्या हरकतीवरच्या सुनावणीला याल ना पण?” एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२२ जानेवारी
सुनावणी झाली. साहेब माझ्या मुलाहून लहान, पण बोलायला गोड. मी उभी राहून सांगितलं, नोंद चुकली आहे, चूक माझी आहे.
“जुनी वही कुठे आहे, आजी?”
वाळवीने खाल्ली.
“मग तिच्यात चराई लिहिलं होतं, हे तुम्हाला आठवतं?”
सगळी खोली माझ्याकडे बघत होती. एक ‘हो’ म्हणायचं होतं. फक्त एक! आणि मी म्हटलं – आठवत नाही, पण असणार.
“असणार असं निकालात लिहिता येत नाही,” ते म्हणाले. हळूच म्हणाले.
मागे दूधवालीने पदर तोंडात धरला होता. लहानपणापासून खरं बोलण्याचीच शाबासकी घेत आले. आज कुणाच्या जिवावर घेतली?

२४ जानेवारी
निकाल लागला. पडीकच. कुंपणाचे खांब उतरलेसुद्धा.

२५ जानेवारी
दूधवाली आली होती. शेळ्या विकायला काढल्यात. जाताना थांबली. म्हणाली, सासूने काल पहिल्यांदाच तोंड उघडलं. नवी वही लोकांना बघायला ठेवली होती, तेव्हा सासरे हरकत घ्यायला कचेरीत गेले होते. चराईचं पडीक झालेलं त्यांनी तेव्हाच पाहिलं होतं. पण खुर्चीत मी रडत बसलेली, म्हणून दारातूनच परतले. घरी येऊन म्हणाले, “नुकताच नवरा गेलाय तिचा. आता नोकरीही घालवू का? लिहिलं तर लिहिलं. शेळ्यांना कुठे वाचता येतं!”