हिरवी पुडी

५ ऑगस्ट
छाओवेईला पोचले. बस थांबते तिथेच लुआन मावशी स्कूटर घेऊन उभी होती, हातात माझ्यासाठी दुसरं हेल्मेट. मी वाचनालयात तिच्या हाताखाली काम करणार, म्हणजे साहेबच की, पण तिनं पहिल्याच मिनिटाला बजावलं, साहेबबिहेब म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं, आणि एवढी काटकुळी कशी गं तू. राहायचीही सोय तिच्याकडेच. तिची मुलगी यीचन गाओश्योंगला नोकरीला आहे, तिची खोली रिकामीच होती.

जेवताना माशाच्या गोळ्यांचं सूप होतं. आई गेल्यापासून मला कुणी असं आग्रह करून वाढलं नव्हतं. मी बोलत सुटले. आईचं आजारपण, मग कुणीच न उरणं, सगळं सांगून टाकलं. मावशीनं माझं बोलणं मन लावून ऐकलं.

वाचनालय छोटं, समुद्राकडे तोंड करून. देवघेवीचं यंत्र दाराशीच आहे. पुस्तकं वर ठेवायची, ते आतल्या चिपा मोजतं आणि नावावर चढवतं. यंत्राच्या डोक्यावर मक्याच्या खाऊची हिरवी पुडी आहेच. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ती ठेवतात, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पुडी हिरवीच हवी, मुदतीतली हवी, आणि कुणी खायची नाही.

मावशीनं माझ्या ओळखपत्रासाठी गळ्यात अडकवायची लोकरीची पिशवी विणून ठेवली होती. मी यायच्या आधीच. मला रडूच आलं.

८ ऑगस्ट
आज दारातून बाहेर पडताना फाटक वाजलं. न नोंदवलेलं पुस्तक कुणी नेलं की वाजतं ते. माझ्याकडे डब्याशिवाय काही नव्हतं. मावशी हसून म्हणाली, तुला जाऊ द्यायचं नाही असं दिसतंय त्याच्या मनात.

यंत्रही खोडकर निघालं. छाय आजोबांनी तीन पुस्तकं ठेवली की ते चार म्हणतं. आजोबा पूर्वी बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. ते म्हणाले, चाळीस वर्षं संसार केला पण बायकोनं कधी चोर म्हटलं नाही, हा डबा रोज म्हणतो. मग त्यांनी त्याला एक चापट मारली. मीही मारून पाहिली. काही फरक पडला नाही.

१७ ऑगस्ट
एक लक्षात आलं. मी लांब असले की यंत्र बरोबर मोजतं. जवळ उभी राहिले की एक जास्त. मावशीला सांगितलं तर म्हणाली, यंत्र जुनं झालंय, मनाला लावून घेऊ नकोस. रात्री कारलं-अननस घालून कोंबडीचं सूप केलं तिनं. माझ्यासाठी दोन वाट्या, स्वतःला नुसता भात.

यीचनचा फोन कधीच कसा येत नाही?

२३ ऑगस्ट
आमच्या पंचांगाचा सातवा महिना, भुताखेतांचा, लागला. महिनाभर आता ‘ती मंडळी’ मोकळी. मावशीनं लहान मुलाला सांगावं तसं मला सगळं पुन्हा सांगितलं: शिट्टी वाजवायची नाही, कुणाला पूर्ण नावानं हाक मारायची नाही, कुणी मारली तर ओ द्यायची नाही, खांद्यावर हात पडला तर मागे वळून बघायचं नाही. आई असंच सांगायची.

दुपारी छाय आजोबा हळूच म्हणाले, तू यीचनच्याच खुर्चीत बसतेस हो. गेल्या वर्षी याच महिन्यात पोरगी भर दुपारी इथूनच नाहीशी झाली. मी म्हटलं, पण ती तर गाओश्योंगला आहे. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं आणि ते परत खाली घेतलंच नाही.

बिचारी मावशी. मनाची समजूत घालत असेल. मी काही विचारणार नाही.

३० ऑगस्ट
यंत्र पुसताना पुडी हातात आली. मागच्या बाजूची तारीख बघितली. मुदत गेल्या वर्षीच संपलीय.

पुडी बदलायचं काम मावशी कुणालाही करू देत नाही. आमच्याकडे ही चूक चुकून होत नाही. लोक एक वेळ औषधाची तारीख विसरतील.

३१ ऑगस्ट
काल मी नवी हिरवी पुडी आणून ठेवली होती. आज तिथे पुन्हा जुनी. माझी पुडी मावशीच्या टोपलीत सापडली, भाजीच्या खाली.

संध्याकाळी लोकरीच्या पिशवीची शिवण उसवली. आत अस्तराला चिकटवलेली चिप. पुस्तकात असते ती.

तिनं ती विणली तेव्हा तिनं मला पाहिलंही नव्हतं.

३ सप्टेंबर
मावशी पोस्टात गेली तेव्हा चिप एकटीच यंत्रावर ठेवली. पडद्यावर आलं:

शू चिआ-रोंग. राखीव. आधीचे परत आल्यावर दिले जाईल.
आधीचे: लिआव यीचन.

पुस्तकाच्या नावाच्या जागी माझं नाव. वाचकाच्या नावाची जागा कोरी.

चिप कापून समुद्रात टाकली. मग मावशीला तोंडावर विचारलं. वाटलं होतं नाकारेल, निदान रडेल. तिनं माझ्यापुढे सूप सरकवलं. म्हणाली, यीचनची मी वाट बघतेय. तुझी वाट बघणारं कुणी नाही, हे तूच सांगितलंस ना गं, पहिल्याच दिवशी.

सूप गरम होतं. ते मी तिच्या फरशीवर ओतलं.

५ सप्टेंबर
गावातल्या शाळेच्या वसतिगृहात झोपले. राग येतो तो तिचा नाही, माझा. दोन वाट्या सुपावर विकली गेले. उद्या दुपारची बस. माझं ओळखपत्र तेवढं वाचनालयाच्या खणात राहिलंय, ते घेऊन निघायचं.

६ सप्टेंबर, दुपार
सातव्या महिन्याच्या मध्याची पूजा. सगळं गाव बाहेर नैवेद्याच्या टेबलांशी, लख्ख ऊन. म्हणून आत गेले. खण उघडला, ओळखपत्र घेतलं.

मागून मावशीनं हाक मारली. पूर्ण नावानं. शू चिआ-रोंग.

महिनाभर त्या आवाजाला ओ देत आले होते. तोंडातून निघून गेलं.

यंत्र किणकिणलं.

पळाले. फाटक वाजलं नाही. सुटले असं वाटलं, कारण चिप फेकली होती. बसला हात केला, बस थांबली नाही. छाय आजोबांना हाका मारल्या. ते माझ्यापलीकडचा समुद्र बघत होते.

मग कळलं. फाटक वाजतं ते न नोंदवलेल्यावर. नोंदवून दिलेल्यावर —

नंतर
कुठेही चालत गेले तरी वाचनालयाच्या दाराशीच येते. आत बसून लिहितेय. कुणी हटकत नाही.

माझ्या खुर्चीत एक मुलगी. केस ओले. मावशीनं तिचं डोकं पोटाशी धरलंय आणि ती एकसारखी म्हणतेय, आलीस गं, आलीस.

मावशीनं एकदाच मान वर केली. तिला मी दिसते. फक्त तिलाच. नजर चुकवली नाही तिनं. टोपलीतून माझीच हिरवी पुडी काढली, तारीख पाहिली, यंत्राच्या डोक्यावर ठेवली —

थंडी — भर उन्हात —

कुणीतरी मागे उभं आहे. खांद्यावर हात. ओला. वळून बघायचं नाही, मावशीनं सांगितलं होतं. पण मावशीनं सांगितलेलं आता मी कसं —