शकूचा ब

कुंडल, मंगळवार, ५ फेब्रुवारी १९७४

हे आज दुपारी पलटणीतून रजेवर आले. शकू धावत गेली आणि 'मामा' म्हणाली.

इतके दिवस तिच्याकडून 'बाबा' घोकून घेत होते मी. तिच्या जन्मापासून फाटलेल्या टाळूला मिरजेच्या डॉक्टरांनी टाके घातले, तेव्हाच समजावलं होतं. ब म्हणताना ओठ मिटून तोंडात हवा कोंडावी लागते, आणि टाळूचा मागचा पडदा वर जाऊन नाकाची वाट बंद करतो. शकूचा पडदा आखूडच राहिला. हवा नाकातून निसटते, ब चा म होतो. नाक चिमटीत धरलं की 'बाबा' स्वच्छ येतं. सोडलं की मामा. मग मी घोकून तरी कशाला घेतलं? पडदा काय घोकून वाढणार आहे?

हे हसले. "आगं, मी मामा न्हवं, तुझा बा हाय."

ती पुन्हा, मोठ्याने, 'मामा' म्हणाली.

"आवं, ती बाबाच म्हणतीया," मी म्हटलं.

यांचा चेहरा उतरला. "मला कुठं म्हाईत. परत म्हण की बाळा."

मी तिचं नाक धरायला हात पुढे केला. का केला, कोण जाणे. तिने मान फिरवली.

त्यानंतर ती बोललीच नाही. जेवताना पाणी हवं होतं, तर तांब्याकडे नुसतं बोट केलं. यांनी ओतून दिलं. तोंडाने माग, असं आम्हा दोघांपैकी कुणालाच म्हणवलं नाही.