तीन वाटे खडी, एक वाटा माती

मंगळवार, १६ एप्रिल

ती. ताईस,

साष्टांग वगैरे तुला कधी आवडलं नाही, म्हणून नुसता नमस्कार.

तुझं पत्र पोचून आठ दिवस झाले. फोन करू नकोस, लिही, असं तू बजावलं आहेस. कारणही दिलंस: फोनवर मी 'सगळं ठीक' एवढ्यात गुंडाळून टाकतो, कागदावर ते जमायचं नाही. खरं आहे. गेली दहा मिनिटं मी तोच शब्द लिहायचा टाळतोय.

तू दोन प्रश्न विचारलेस. आई कशी आहे, आणि निवडुंग कसे आहेत. मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो. रागावू नकोस, पहिल्याकडेही येईन.

तू गेलीस तेव्हा बाल्कनीत बावीस कुंड्या होत्या. आता तेरा आहेत. त्यातल्याही चारांतले निवडुंग कापून सावलीत सुकत ठेवलेत, म्हणजे त्यांचं अजून काही सांगता येत नाही. तो उंच, सरळ, ज्याला तू मुख्याध्यापक म्हणायचीस, तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेला. आधी बुडाशी पिवळसर झाला. मग एके सकाळी बोट लावलं तर बोट आत गेलं. उंची मात्र तशीच होती. आतून पाणी पाणी झालेला आणि वरून ताठ. उचलला तेव्हा हातातच राहिला.

हे कसं झालं ते सांगतो, कारण ते माझ्याच हातून झालं.

तू गेल्यावरच्या दुसऱ्या रविवारी मला वाटलं, आपणही घरात काहीतरी करावं. एक कुंडी उलटी केली. आत माती कुठली, नुसती खडी, विटांचा चुरा, आणि आमच्या लॅबमधली ती भरड प्युमिस. कवळ्या घासून गुळगुळीत करायला आम्ही तो हलका दगड वापरतो. तू दोन वर्षांपूर्वी पिशवीभर मागितली होतीस, मी तुला भांडी घासायला हवी असेल असं समजून आणून दिली होती. ती इथे सापडली. मी मनात म्हटलं, अगं बाई, ताईनं पोरांना दगडावर वाढवलंय की! लगेच जाऊन चांगली काळी, मऊ माती आणली, पानांचं खत आणलं. दिवसभर बसून बावीसच्या बावीस कुंड्यांतली माती बदलली. बोटांत काटे किती गेले विचारू नकोस, दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये मेण धरवत नव्हतं. फोटोही काढला. तुला पाठवणार होतो, पण म्हटलं तू स्वतःच येऊन बघ आणि तोंडात बोट घाल.

जाताना तू एवढंच म्हणाली होतीस, "कुंड्यांना हात लावू नकोस. आणि आईला घालू दे पाणी, अडवू नकोस." आणखीही काही सांगत होतीस. खुर्ची ओढून बसली होतीस. मी म्हणालो, "मला काय शिकवतेस? माझीही आईच आहे." मग तू उठलीस आणि बॅगेची चेन लावलीस.

आई पाणी घालतेच. उठल्यावर, चहानंतर, आंघोळीआधी, आंघोळीनंतर. घातलेलं विसरते आणि पुन्हा झारी भरते. मी एका सुट्टीच्या दिवशी मोजलं, सात वेळा. त्या मऊ मातीनं ते सगळं पोटात ठेवून घेतलं. थंडीचे दिवस, ऊन कोवळं, वाळायचं कसं? मला कळायला हवं होतं. प्लास्टरच्या भुकटीत पाणी किती घालायचं, या हिशोबावर मी तीस वर्षं पोट भरतोय. पण ते दातांचं झालं.

एकेक निवडुंग बसायला लागला तसा मी आईवर चिडायला लागलो. झारी कपाटावर ठेवली. तिनं पेला घेतला. पेले वर ठेवले, तर कवळीची वाटी घेतली. मीच बनवलेली कवळी टेबलावर आणि वाटी बाल्कनीत. तेव्हा हसायला हवं होतं. मी बाल्कनीच्या दाराला कुलूप लावलं. त्यानंतर ती दारापाशी उभी राहायची. भांडण नाही, रडणं नाही, हातात रिकामी वाटी घेऊन नुसती उभी. दुपारी सोबतीला येणाऱ्या मावशी म्हणाल्या, "दादा, उघडा की, काय व्हायचंय?" मी म्हणालो, "झाडं मरतात."

आज इथेच थांबतो. लॅबमध्ये दोन कवळ्या द्यायच्या आहेत.

गुरुवार

वर मंगळवार लिहिलंय, पण आज गुरुवार. काल पत्र काढलं, शेवटची ओळ वाचली आणि परत घडी घातली.

ताई, आई घरी नाही. पाच मार्चपासून नाही. मी तिला वृद्धाश्रमात ठेवलंय.

लिहिलं एकदाचं. वाटलं होतं लिहिल्यावर काहीतरी बदलेल. तसं काही झालं नाही. समोरच्या ड्रायक्लीनिंगवाल्याची इस्त्री चालू आहे, तिची वाफ दिसतेय.

तू एकच शब्द घेतला होतास माझ्याकडून. "आईला कुठे ठेवायचं नाही. नाही जमलं तर मला कळव, मी त्याच दिवशी निघते." मला जमलं नाही आणि मी कळवलंही नाही. कारण 'आई तर बरीच आहे, तुला दिवसभर करायला असतं तरी काय?' असं मीच तुला म्हणालो होतो. अकरा वर्षं केल्यावर तू ते ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "मग सहा महिने करून दाखव." मी दोन महिनेही केले नाहीत. हे कुठल्या तोंडानं कळवणार होतो?

झालं ते असं. मावशी कपडे वाळत घालत होत्या तेवढ्यात आई पेला घेऊन जिना उतरली. मला लॅबमध्ये फोन आला. धावत आलो तर ती कोपऱ्यावरच्या गॅरेजपाशी होती. गाड्या धुवायच्या नळावर पेला भरायची आणि विजेच्या खांबाच्या बुंध्याशी ओतायची. परत नळ, परत खांब. एका पायात चप्पल, दुसऱ्या टाचेतून रक्त. गॅरेजवाला शेजारी स्टूल घेऊन बसला होता. मी रस्त्यातच तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. पेला हिसकावून घेतला. ती घाबरून त्या गॅरेजवाल्याच्या मागे लपली, माझ्यापासून. तो म्हणाला, "साहेब, ओरडू नका हो. आजींचं काही चुकलं नाही. खांबाला पाणी घातलं तर काय बिघडतं?"

पुढच्या आठवड्यात मी सह्या केल्या.

आता तुला वाटेल, आज हे सगळं लिहायचं कसं सुचलं. तेही सांगतो.

गेल्या शनिवारी मी उरलेल्यांतली एक कुंडी घेऊन नर्सरीत गेलो. जुनी खडी मी डब्यात भरून ठेवली होती, लॅबचा माल फेकवत नाही म्हणून. तीही मूठभर नेली. नर्सरीवाल्या बाई मोठ्या खमक्या आहेत. माझी काळी माती बोटांनी चुरगाळून म्हणाल्या, "ही निवडुंगाला? याच्यात वांगी लावा." मग जुना चुरा हातावर घेतला, चाळणीत टाकला, वरून मगभर पाणी ओतलं. ओतलं तेवढं खाली आलं. त्यांनी पुन्हा ओतलं. पुन्हा सगळं खाली.

"हे कुणी बनवलं?"

"बहिणीनं."

"घरात पाणी जास्त घालणारं कोणी आहे का? लहान मूल, म्हातारं माणूस?"

मी म्हटलं, "तुम्हाला कसं कळलं?"

"अहो, नुसत्या निवडुंगासाठी एवढं कुणी करत नाही. दीड-दोन वाटे खडी, वाटाभर माती, खूप झालं. हे तीन वाटे आहे. बारीक वाळू चाळून काढलीय, वाळूनं भोक तुंबतं म्हणून. कुंड्या बिनरंगाच्या, भाजक्या मातीच्या असतील बघा, बुडाला दोन-दोन भोकं." होत्या, ताई. "यात दिवसभर कोणी पाणी ओतत बसलं तरी झाडाला काही होत नाही. ही माती झाडासाठी नाही केलेली. पाणी घालणाऱ्यासाठी केलीय."

मी खताच्या पोत्यावर बसलो. बाईंनी पाणी दिलं. रडू आलं नाही. हल्ली मला काहीच येत नाही, भूकही घड्याळ बघून लागते. पण लाज वाटली. ती अजून वाटतेय, आणि वाटतेय याचंच बरं वाटतंय.

घरी आल्यावर मी प्रत्येक खोलीत जाऊन उभा राहिलो. बाथरूमच्या दाराला आतून कडी नव्हती, ती मी जानेवारीत नवी बसवली होती, घर नीट ठेवतोय म्हणून. आईच्या कपाटात एकाच रंगाचे पाच गाऊन आहेत, कुठला घालू यात ती अडू नये म्हणून, आणि त्याला मी कंजूसपणा म्हणालो होतो. आणखी किती गोष्टी मी अशा 'दुरुस्त' केल्या, देव जाणे.

निवडुंगांचं म्हणशील तर सडका भाग दिसेनासा होईपर्यंत वरून कापायचं, दहा दिवस सावलीत कोरडं ठेवायचं, कापलेली बाजू चामड्यासारखी झाली की कोरड्या खडीत बसवायचं आणि आठवडाभर पाण्याचं नाव काढायचं नाही, असं बाईंनी शिकवलं. तसं करतोय. उरलेल्या नऊ कुंड्या पुन्हा तुझ्या मापानं भरल्या. कुलूप काढलं. कडीही काढली.

शनिवार

काल आश्रमात गेलो होतो. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं खरं उत्तर देण्याइतपत बघून यायचं होतं.

आई स्वच्छ आहे. वजन कमी झालंय. टाच भरलीय. तिथली माणसं वाईट नाहीत, वेळेवर सगळं करतात. हात मांडीवर ठेवून खिडकीशी बसते. मला म्हणाली, "अहो, तुमचं काम झालं असेल तर जा, माझी मुलगी येईपर्यंत मी थांबते." मी म्हटलं, "मी तुझा मुलगा." ती म्हणाली, "असाल." एवढ्या नम्रपणे आई माझ्याशी कधी बोलली नव्हती.

पुढच्या शनिवारी तिला घरी आणतोय. लॅबशी बोललो. मेणाचं काम मी घरून करीन, घासणीचं काम दुसरा करील. मावशी सकाळपासून यायला तयार आहेत. तू येऊ नकोस. अडीच महिने अजून तुझे आहेत, ते मी खाणार नाही. ओरडायला यायचं असेल तर मात्र ये, ते माझ्याकडे बाकी आहे.

एक काम आहे. आश्रमात दाखल करताना दोन पानी फॉर्म दिला होता, घरी भरून आणा म्हणून. तो दीड महिना माझ्याकडेच पडून होता. नाव, वय आणि रक्तगट मी भरलाय. पुढे विचारलंय: कोणत्या कुशीवर झोपतात? कशाला घाबरतात? काय सांगितलं की शांत होतात? कोणी हाक मारलेली आवडते? चोवीस प्रश्न आहेत, आणि मी तिचा सत्तेचाळीस वर्षांचा मुलगा आहे.

फॉर्म सोबत जोडलाय. आश्रमाला तो आता नको आहे, मला हवाय. अक्षर बारीक काढ, जागा कमी पडेल. खुर्ची ओढून बसलोय, ताई. सांग.

तुझा,
धाकटा