पाचाच्या वर

न्यूलिन, ३ मार्च

ती. मॉर्वेनाताईस, जॅगोचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मला ओरडवत नाही, म्हणून पत्र. टॅमझिनच्या शाळेतून कागद आला होता, गणिताला सोपा पेपर की अवघड? मी सरळ सोप्यावर खूण करून सही ठोकली. सराव परीक्षेत पोरीला शंभरात सत्त्याण्णव! बोटींची इंजिनं शिकायला कॉलेजात सहा ग्रेड लागते म्हणे. ती ग्रेड आता जातेय कुठे? जेनी गेल्यापासून पहिल्यांदाच मी एखादा कागद कुणालाही न विचारता भरला. शाबासकी दे की गं.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नकोस.
जॅगो

लीड्स, ९ मार्च

चि. जॅगोस, अ. उ. आ.

शाबासकी कसली, कान उपटायला हवेत तुझे! अरे शहाण्या, सोप्या पेपरात सगळं बरोबर आलं तरी पाचाच्या वर ग्रेड देतच नाहीत. सहा ते नऊ फक्त अवघड पेपराला. बावीस वर्षं हेच पेपर तपासलेत मी. अजून बदलता येईल, पण एप्रिल संपायच्या आत. उद्याच्या उद्या शाळेत जा. लाजत बसू नकोस.

रागावले तरी तुझीच,
मॉर्वेनाताई

न्यूलिन, २३ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

टॅमझिनला पाच मिळाली. मी शाळेत गेलो नव्हतो. फाटकापर्यंत दोनदा गेलो. मला कळलं नव्हतं, हे त्या मास्तरांसमोर म्हणवेना. काल निकाल पाहिला. मासळीबाजारात कामाला गेलो, बर्फ फोडला, परत आलो. पण पोरगी म्हणते, इंजिनं तिला मुळात नकोच होती. तेव्हा झालं ते ठीकच.

लोभ ठेव, आहे तितका.
जॅगो

न्यूलिन, २५ ऑगस्ट

ती. आत्यास, टॅमझिनचा शि. सा. न.

बाबांनी तुला कळवलंच असेल. पाचाचं मला मार्चातच माहीत होतं. सर म्हणाले होते, बाबांना घेऊन ये, बदलून टाकू. घरी आले तर बाबा त्या कागदाची गोष्ट शेजारच्या काकूंना सांगत होते, आणि हसत होते. आई गेल्यावर मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. म्हटलं, उद्या सांगू. उद्या उद्या करत एप्रिल संपला.

नोव्हेंबरात अवघड पेपर देता येईल, पण कॉलेजच्या जागा सप्टेंबरातच भरतात. मला रडूही येत नाही गं. इंजिनं नको होती असं मी बाबांना सांगितलंय. त्यांना ते खरं वाटलं. तुलाही खरं वाटलं, असं त्यांना लिही.

तुझ्या मायेतली,
टॅमझिन