कपाळाला लावलेला हात

३ फेब्रु., सोम.
ही वही डिझेलची. जुन्या शेटकडं होतो तेव्हा किती लिटर, कुठं भरलं, टायर कधी बदलला, सगळं यातच. आता डिझेल कंपनी वरूनच बघते, मला विचारत बी नाय. पानं कोरी राहिलीत. म्हणून आता मनातली घाण यात ओततो.
मोठ्या कंपनीत लागून पाच महिने झाले. भरतीला किती गोड बोलले होते! एसी केबिन, वर्दी, विमा, महिन्याला चार दिवस घरी. एसी हाय. वर्दी हाय, बगलेत काचते. घरी दोन महिन्यांत एकदाच गेलो, अंघोळ केली, जेवलो, परत गाडीवर.
दुपारी बायकोचा, सुमनचा फोन. आमच्या पोरीचा, कोमलचा साखरपुडा ठरला, रविवार २३, सकाळी अकरा. पोरगा कळवणचा, मेडिकलचं दुकान हाय. "व्याह्यासमोर पाटावर तुम्हीच बसायला पाहिजे. आत्ताच्या आत्ता सुट्टी टाका." टाकली मोबाईलवर. उत्तर आलं, 'विचाराधीन'.

६ फेब्रु., गुरु.
सुट्टीचा नियम आज कळला. नाव हिरव्यात असेल त्यालाच सुट्टी. काचेला कॅमेरा हाय, तो रस्त्याकडं नाय, माझ्या तोंडाकडं बघतो. जांभई दिली, ओरडतो. मान वळवली, ओरडतो. बाईचा आवाज, हिंदीत, "कृपया सामने देखें." चूक धरली की नाव पिवळं, आणि पिवळ्याला सुट्टी नाय.
दगू तिला सासू म्हणतो. दगू पेठचा, माझ्यासोबतच भरती झालेला. "भाऊ, आज सासूला जांभई दाखवलीच नाय, पोटातच गिळली." हसलो, पण हसण्यासारखं काय हाय त्यात?
मी अजून हिरवा. १७ दिवस राहिलेत.

८ फेब्रु., शनि.
सुरत. कपड्याच्या गोडाऊनबाहेर दुसरा दिवस. माल उतरवून घ्यायला माणूस नाय म्हणे. गाडीपासून लांब गेलं की मोबाईल बोंबलतो. आत चकचकीत संडास, दारावर पाटी, ड्रायव्हरांनी वापरू नये. वॉचमननं नुसतं मागच्या नाल्याकडं बोट केलं. चव्वेचाळीस वर्षांचा बाप्या, बिसलेरीची बाटली घेऊन नाल्याकडं. थू असल्या नोकरीवर. ह्यांचा माल मी आणलेला चालतो, ह्यांची फरशी मी तुडवलेली चालत नाय.
जुना शेट शिव्या द्यायचा. पण संडासाला कधी कुलूप नाय लावलं.

११ फेब्रु., मंगळ.
पिवळा झालो!
सापुताऱ्याकडून खाली आलं की वणीच्या अलीकडं सप्तशृंगीचा गड दिसतो. दिसला की उजवा हात स्टेअरिंगवर, डावा कपाळाला, मग कानाच्या पाळीला, मग छातीला. वीस वर्षं. इकडचा एक ड्रायव्हर दाखवा, जो करत नाय. हात आपोआप जातो, विचारून जात नाय.
नाशकात कंपनीच्या अंबडच्या यार्डात पोचलो तर राहुल सरांनी बोलावलं. सर म्हणजे सव्वीस वर्षांचं पोरगं, मला काका म्हणतं आणि काकाला उभं ठेवतं. "काका, सिस्टमला हात कानाजवळ दिसला. म्हणजे मोबाईल."
"व्हिडिओ बघा ना सर. हातात मोबाईल दिसतो का?"
बघितला. दोनदा बघितला. म्हणे, "मला कळतंय हो काका. पण सिस्टममध्ये नमस्कार असा पर्यायच नाहीये."

१३ फेब्रु., गुरु.
सकाळच्या मीटिंगला माझा व्हिडिओ मोठ्या पडद्यावर. 'असे करू नका.' चाळीसएक ड्रायव्हर बसलेले. त्यात निम्मे दिंडोरी-कळवणचे, निम्म्यांचा हात रोज तिथंच जातो. सगळे पडद्याकडं बघत बसले, दोघं तर हसले. कंपनीची किळस आली. त्यांची पण आली.
नंतर सरांनी कागद पुढं केला. 'मी गाडी चालवताना मोबाईलवर बोललो, पुन्हा बोलणार नाही.' सही केली की नाव परत हिरवं.
दगू कानात, "भाऊ, करू नको. उद्या काय झालं तर हाच कागद तुझ्यापुढं नाचवतील."
त्याला कुठं पोरगी उजवायची हाय.
केली सही. न बोललेला फोन बोललो म्हणून लिहून दिलं. पेन पण त्यांचंच, सही झाल्यावर परत मागितलं.

१६ फेब्रु., रवि.
आज गड दिसला. दोन्ही हात स्टेअरिंगवर घट्ट. डावा उठायला लागला तसा दाबून धरला. बघितलं पण नाय तिकडं. पुढं आमचं घर, डांबरीला लागूनच. ओट्यावर सुमन धान्य निवडत होती, हॉर्न वाजवला, तिनं हात केला.
दिंडोरीला चहाला थांबलो तर तिचा फोन. "गडाला हात जोडले ना? पोरीचं नीट पार पडू दे म्हणून सांगितलं ना आईला?"
म्हटलं, हो.
चहा ओतून दिला. आजवर बायकोशी खोटं बोललो असेन, कोण बोलत नाय? पण आईच्या नावावर कधीच नाय. कंपनीचा राग येतो, त्याहून जास्त स्वतःचा.

१९ फेब्रु., बुध.
सुट्टी नामंजूर. नाव हिरवं, तरी नामंजूर. कारण, 'गाड्यांची तातडी'.
सरांकडं गेलो. हात जोडले, तिथं कॅमेरा नव्हता. सर काय म्हणतात, "काका, हिरवे आहात म्हणून तर ही ट्रिप तुम्हाला दिली. मोठा ग्राहक आहे, त्यांना चांगलेच ड्रायव्हर लागतात. २२ ला सुरतेत भरा, २३ ला दुपारच्या आत नाशकात."
म्हणजे पिवळा असतो तर सुट्टी नाय, हिरवा हाय तर फुरसत नाय. वा रे कंपनी! आणि साखरपुड्याच्या दिवशी, साखरपुड्याच्याच वेळेला, मी स्वतःच्या दारावरून परक्याचा माल घेऊन जायचं. थांबायचं नाय. थांबलं की 'अनधिकृत थांबा'. तीन झाले की कायमचं घरी. माझे दोन झालेत, एकदा पंक्चर, एकदा हगवण.
सुमनला सांगितलं. ती म्हणाली, "बरं. पाटावर भाऊला बसवते." तिचा भाऊ. बसेल तो, मिशीला पीळ देऊन बसेल.
मग कोमलनं फोन घेतला. "पप्पा, टेन्शन नका घेऊ. तुम्ही घरापाशी आले की हॉर्न वाजवा, आम्ही सगळे बाहेर येऊन बघू तुम्हाला."
पोरीनं बापाला बघायचं, ते पण जाता जाता. रडलो. लिहायला लाज कसली, रडलो.

२२ फेब्रु., शनि.
सुरत. गाडी भरली. शेजारच्या लाँड्रीत पांढरा शर्ट इस्त्रीला टाकला. कशाला टाकला माहीत नाय. वर्दीच तर घालायची.

२३ फेब्रु., रवि. सकाळी ९.४०
गड समोर. आज ऊन स्वच्छ हाय, एकदम जवळ दिसतो.
गाडी बाजूला घेतली, बंद केली. पट्टा सोडला. दोन्ही हात जोडले, नीट, डोळे मिटून. खोटं बोललो ते सांगितलं, पोरीचं सांगितलं. मग तेच हात कॅमेऱ्यापुढं उघडून धरले. बघ म्हटलं सासू, हाय का मोबाईल?
"कृपया सामने देखें."
समोरच बघतोय की बये.
इथून आमचा मंडप दिसतो. निळा-पिवळा. बाया पाणी आणताहेत. कोणाला माहीत नाय मी इथं उभा हाय. मोबाईलवर आलं, 'अनधिकृत थांबा, पाच मिनिटांत निघा.' ती पाच मिनिटं मघाशीच गेली, तिसरा थांबा नावावर लागला. राहुल सरांचा फोन वाजतोय, तिसऱ्यांदा.
वर्दी काढून ठेवलीय. इस्त्री मोडू नये म्हणून शर्ट शेजारच्या सीटवर पसरलाय, पाटावर बसायला. चावी गाडीलाच हाय.
हॉर्न अजून वाजवला नाय.