खिडकीजवळचं टेबल

प्रिय ताई,

नमस्कार कुठाय म्हणून ओरडशील, त्याआधीच वाकून करतो.

"तिला चारचौघांत नेऊ नकोस," असं तू लिहिलंस. रविवारी तुझ्या भावजयीला पोरांसकट चिनी डंपलिंगच्या हॉटेलात घेऊन गेलो. अर्धांगाचा झटका आला म्हणून माणसानं काय माळ्यावर जाऊन बसायचं?

वेटरनं कोपरा दाखवला, मी खिडकीजवळचं टेबल मागितलं. बांबूच्या टोपल्यांतून वाफाळती डंपलिंग आली. उजवा हात अजून ऐकत नाही, तरी हिनं काटा बाजूला सारला आणि डाव्या हातात काड्याच धरल्या. दोन निसटली, तिसरं तोंडापर्यंत पोचलं. ते गिळेपर्यंत मी तिच्या गळ्याकडेच बघत होतो. पण डॉक्टर म्हणतात, सावकाश खाल्लं तर भीती नाही.

माझे कान तुला माहीत आहेत. शेजारच्या टेबलावरची बाई नवऱ्याला म्हणाली, "अशांना घरीच भरवावं की." मी खुर्ची सरकवून उठलोच. तेवढ्यात ही म्हणाली, "बसा."

ताई, झटक्यानंतरचा हिचा पहिला स्पष्ट शब्द, आणि तोही हुकूम. धाकटी म्हणाली, "बाबा, आता तुमचं काही खरं नाही." मी मुकाट बसलो. हिनं त्या बाईकडे बघत बघत चौथं उचललं.

आईचा गुडघा कसा आहे? तिला हे वाचून दाखव, त्या बाईचं तेवढं गाळ.

तू आलीस की तुलाही तिथेच नेणार, हिच्या शेजारी बसवणार. अवघड वाटलं तर मला सांगू नकोस, हिलाच सांग. आता ती उत्तर देते.

तुझं कधीच न ऐकलेला,
धाकटा