पलीकडच्या चिखलातली रोपं

चोपडे, पेडणे
२४ नोव्हेंबर १९९८

चि. गोकुळदास यास,

बायचे अनेक आशीर्वाद. आम्ही सगळी बरी आहोत. माझ्या भावजयीचा, पूनमचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, कोमट पाणीच पी. नारळ पाठवायचे राहिले, पाडणारा माणूस अजून फिरकलेला नाही.

पत्र बघून तुला नवल वाटेल. दुकानातून फोन करता आला असता, पण तिथे चार जण कान देऊन बसलेले असतात. आणि फोनवर तू विषय बदलतोस. चवथीला मी रोपांचं विचारलं, तर तू खतखतं वाढून घ्यायला उठलास. तू खतखतं कधी खातोस रे?

कालव्याचं जादा पाणी खाडीत सोडायला चर काढला, तेव्हा आपल्या काठची खारफुटी भरावाखाली गेली. शेवटे मासे, कुर्ल्या तिथेच वाढायच्या. पाणमांजरं पिल्लं घेऊन तिथेच फिरायची. बदल्यात पलीकडच्या चिखलात तीन हजार रोपं लावू, असं तू कालवा खात्याचा माणूस म्हणून पंचायतीत उभा राहून सांगितलंस. तू सांगितलंस म्हणून कृष्णनाथकाका गप्प बसले. नाहीतर जन्मभर त्या काठाला जाळं टाकणारा माणूस ऐकणारा नव्हे.

गेल्या महिन्यात ते मला होडीतून तिकडे घेऊन गेले. एक रोप उपटून माझ्या हातात दिलं.

"हय बघ गो. मूळच ना."

नुसती फांदी छाटून चिखलात खोवलेली. मी आणखी दहा उपटली. सगळी तशीच. मनात म्हटलं, ठेकेदाराने माझ्या भावाला फसवलं.

आठवड्याने तपासणीला पणजीच्या वनखात्यातल्या सुप्रियाबाई आल्या. ओहोटीला होडी तिकडे जाईना, म्हणून काठावरूनच बघत होत्या. हातात तुमच्या कचेरीचा अहवाल, त्यात फोटो, खाली तुझी सही.

"मावशी, हीच ना ती रोपं? जगली ना?"

फोटोत गुडघाभर हिरवी रोपं होती आणि कडेला बाबांची होडी. तीच, पुढच्या टोकाला नाळेवर पत्रा ठोकलेली. बाबा गेले त्या वर्षी आपण ती मोडली, त्याला चार वर्षं झाली. पहिल्या पगारातून कॅमेरा घेऊन काठावर फोटो काढत फिरणारा आपल्या घरात एकच होता, गोकुळदास. ती रोपं कुणी लावलेली नव्हती. आपसूक उगवलेली, आता भरावाखाली पुरलेली. जी मारली, तीच लावली म्हणून दाखवलीत.

आणि मी काय म्हटलं ठाऊक आहे? "होय, जगली."

इतका वेळ हेच लिहायचं टाळत होते.

कृष्णनाथकाकांना कळलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझो भाव मां तो," एवढंच म्हणाले आणि रिकामं जाळं खांद्यावर टाकून गेले. तेव्हापासून ते आमच्या दारावरून जात नाहीत, वरच्या वाटेने वळसा घालतात.

काल पहिल्या फेरीबोटीने निघून मी पणजीला आले होते. तुझ्या घरी आले नाही. सुप्रियाबाईंच्या टेबलावर दोन फांद्या ठेवल्या आणि सांगितलं, मी खोटं बोलले, एकही जगलेलं नाही. त्यांनी अहवाल उघडला. मग विचारलं, "मग हा फोटो कुठला?"

"ठाऊक नाही," म्हटलं.

तुझ्यासाठी बोललेलं हे दुसरं खोटं. तिसरं माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्यावर कुणी दबाव आणला असेल, तर तेही सांग. मला नाही, सुप्रियाबाईंना. तीन डिसेंबरला, गुरुवारी, भरतीच्या वेळी त्या पुन्हा येणार आहेत. होडी कृष्णनाथकाका देणार आहेत, तसा निरोप धाडलाय त्यांनी. बाई यायच्या आधी तू ये आणि फोटोचं त्यांना तुझ्या तोंडाने सांग. नाही आलास, तर मी सांगेन.

पूनमला यातलं काही कळवलेलं नाही.

गुरुवारी सकाळपासून फेरीच्या धक्क्यावर उभी असेन.

तुझी थोरली बहीण,
भागीरथी